सदानंदच्या फोनचा विमा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. गोष्ट तशी किरकोळ वाटेल — एक मोबाईल, त्याचा विमा, बस. किरकोळ असती तर वीस वर्षं घशाशी का अडकली असती?

मस्कतला रुवी भागात आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी डोंबिवलीचा, एका बांधकाम कंपनीत कागदपत्रं सांभाळणारा. वसईचा पास्कल हॉटेलात स्वयंपाकी. आणि देवरुखकडचा सदानंद — एसी दुरुस्तीचा उत्तम कारागीर, पण इंग्रजी कागद दिसला की घाम फुटायचा. मला इंग्रजी येत होतं, त्यामुळे मी ‘मास्तर’. व्हिसाचे फॉर्म, बँकेचे फॉर्म, कुणाच्या तरी मेहुण्याचा अर्ज, सगळं माझ्या डोक्यावर. सुट्टीच्या शुक्रवारी बाकीचे दोघे मासे आणायला जायचे, मी लोकांच्या बापाचं नाव कॅपिटलमध्ये लिहीत बसायचो. चिडचिड व्हायची. पण खरं सांगू? कुणी मला सोडून दुसऱ्याला विचारलं असतं तर त्याहून जास्त चिडचिड झाली असती.

सदानंदच्या मुलीला, सुवर्णाला, रत्नागिरीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. ती हॉस्टेलवर राहणार म्हणून त्याने कॅमेऱ्याचा फोन घेतला. महागडा. घरी फोन करून सांगूनही टाकलं, की घेतलाय, दोन महिन्यांनी सुट्टीवर येताना आणतो. तोवर तो स्वतःच वापरणार होता. दुकानदाराने विम्याचं पत्रक हातात दिलं, आणि ते घेऊन सदानंद माझ्यापुढे उभा राहिला. घेऊ की नको?

आता यात ठरवायला असं काय होतं? दिवसभर शिड्या चढणारा माणूस, खिशात नवा फोन. एका मिनिटात ‘घे’ म्हणता आलं असतं. मी आठ दिवस लावले. रोज जेवणानंतर एकेक कलम समजावून सांगायचो — चोरी झाली तर पोलिसांचा कागद लागेल, पडून फुटला तर भरपाई, पाण्यात पडला तर नाही. तो मान डोलवायचा. पास्कल एकदा वैतागून म्हणाला, “मास्तर, फोन जुना होईल, खलास कर ना!” मला त्याचा राग आला. माझं प्रवचन कुणी तोडलेलं मला खपायचं नाही.

शेवटी मी निकाल दिला. घे. फॉर्म मीच भरला, डब्यावरचा पंधरा आकडी नंबर दोनदा तपासला. बिलाची प्रत जोडली. सदानंदने पाच रियालची नोट दिली. विम्याचं ऑफिस माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच होतं, म्हणून मीच म्हटलं — मी देतो, तू नको येऊस. खरेदीपासून पंधरा दिवसांत फॉर्म पोचायला हवा होता. सात उरले होते.

मी तो दिला नाही.

का नाही दिला? इथे काहीतरी कारण असायला हवं, नाही का? आजारपण, कामाचा डोंगर. काही नव्हतं. ऑफिसातल्या टेबलाच्या खणात टाकला. पहिल्या दिवशी ऊन होतं, दुसऱ्या दिवशी कंटाळा आला, तिसऱ्या दिवशी वाटलं, मी काय यांचा शिपाई आहे? मग विसरलो. त्याने पावतीही मागितली नाही. मास्तरांकडे पावती कोण मागणार?

महिन्याभराने एका शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर सदानंद माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने रुमाल उघडला. आत फोनचे तुकडे. मंगळवारी मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या एका व्हिलाच्या गच्चीवरून खाली फरशीवर पडला होता. तो हसत होता हो! म्हणाला, “बरं झालं तुमी विमा घ्यायला लावलात.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात खण उघडला. फॉर्म तसाच, पाच रियालची नोट टाचणीला तशीच. तेव्हाच घरी येऊन सांगता आलं असतं. सदानंद, माझ्याकडून राहिलं. तीन शब्द. तो काही बोलला नसता, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. मग भीती कसली होती? मास्तर चुकला, असं पास्कलसमोर झालं असतं — एवढीच. एवढ्यासाठी मी तो फॉर्म बारीक फाडून ऑफिसच्या कचऱ्यात टाकला. नोट खिशात घातली. पुढे खर्चही केली, कशावर ते आठवत नाही.

पाच दिवस मी क्लेमच्या मागे असल्याचं नाटक केलं. मग गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की नाकारला. अपघात झाल्यापासून चोवीस तासांत कळवायला हवं होतं, तू तीन दिवस थांबलास. असं कलम त्या पत्रकात नव्हतं. मी तिथल्या तिथे रचलं.

सदानंद म्हणाला, “माजंच चुकलं, मास्तर. मंगळवारी तुमी दमून आलावतात, म्हनून म्हटलं शुक्रवारी निवांत सांगू.”

हे ऐकूनही मी खरं सांगितलं नाही. उलट ‘पुढच्या वेळी लक्षात ठेव’ असं म्हणालो. म्हणालो मी असं.

दुसरा तसा फोन घेणं त्याला जमलं नाही. सुट्टीवर जाताना त्याने स्वतःचा जुना, पाचाचं बटण रुतलेला फोन मुलीला नेऊन दिला. आणि घरी काय सांगितलं? मी सांगितलेलं, शब्दन् शब्द. मास्तरांनी खूप खटपट केली, पण मीच शुक्रवारपर्यंत तीन दिवस थांबलो.

दोन वर्षांतून एकदा घरी जाणारा माणूस. घरच्यांना त्याच्याबद्दल ठाऊक तरी किती असणार? त्याच्या घरात त्याची ओळख हीच झाली — काम लांबवणारा, भोळसट. हे मला कळलं खूप नंतर, आम्ही दोघंही कायमचे परत आल्यावर, सुवर्णाच्या साखरपुड्याला देवरुखला गेलो तेव्हा. त्याची बायको त्याला काहीतरी आणायला सांगत होती, तर सुवर्णा हसून म्हणाली, “बाबांना नको सांगूस, ते शुक्रवारपर्यंत थांबतील.” सगळे हसले. घरातला नेहमीचा विनोद होता तो, नवऱ्या मुलाकडच्यांनाही माहीत झालेला. सदानंदही हसला, मान खाली घालून.

मीही हसलो.

जेवणं झाल्यावर सदानंद आतून एक फाईल घेऊन आला. सुवर्णाला रत्नागिरीत फ्लॅट घेऊन द्यायचा होता, त्याची कागदपत्रं. आयुष्यभराची कमाई होती त्याची त्यात. बायको आणि मुलगी दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो माझ्यापुढे बसला आणि त्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मास्तर, ह्ये तुमीच बगा. माज्या हातात असलं काय ठेवायला नको.”

मी फाईल घेतली, चष्मा लावला आणि पहिलं पान मोठ्याने वाचायला लागलो.