तोंडात काय राहिलं का

धाऊमामा म्हंजे माझा सासरा. ठाकुरवाडीचा डोंगर चढताना जवान पोरांना मागं टाकणारा गडी. मागच्या उन्हाळ्यात तो भाकरी कुस्करून खायला लागला आन उरलेली गुपचूप कोंबड्यांना टाकायला लागला. विचारलं तर म्हणं, दात दुखतात. दात कसले, घास छातीत अडकत होता. नवऱ्याशी, निलेशशी, मी भांड भांड भांडले तेव्हा कुठं मामाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेला.

अन्ननळीचा कॅन्सर निघाला, तोही श्वासनळीला खेटून. आधी केमो आन रेडिएशन दिलं. गाठ आकसली तेव्हा ऑपरेशन केलं. अन्ननळी काढली न् जठराची नळी करून वर गळ्याशी जोडली.

"जोड कच्चा आहे," डॉक्टरीणबाई बोलली. "तपासणी होईपर्यंत तोंडातून काही द्यायचं नाही. टाका उसवला तर माणूस हातचा जाईल."

खाणं पोटात बाहेरून घातलेल्या नळीतून जायचं. मी मात्र सारखी मामाच्या तोंडाकडं बघत बसायची.

इकडं घरी नवा तांदूळ आला होता. आमच्यात घरच्या मोठ्या माणसानं पूर्वजांना दाखवून पयला घास घेतल्याबिगर कोणी नवं खात नाय. सासू, चिंधीआत्या, नाचणीवर दिवस काढत होती. तिच्या मनानं घेतलं, मामानं नवं खाल्लं नाय म्हणून पूर्वज रुसलेत, आता तो उठायचा नाय.

ती भेटायला आली. मी औषध आणायला खाली गेले, जीव वरच टांगलेला. परत येते तर आत्याच्या पदराची गाठ सुटलेली आन मामाचा जबडा हलतोय.

सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नाय. त्या घडीला कुठला पदर न् कुठलं काय. जबडा धरला, बोट तोंडात घातलं न् जिभेखालची शितं खरवडून काढली.

"आत्या, मारायचाय का त्याला?"

"शितभरच दिलं गं," ती रडत बोलली. "नवं हाय."

"किती गिळलं?"

मामानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी नर्सला सगळं सांगितलं. ती बोलली, आता लक्ष ठेवायचं. ठेवलं. तो खोकला की मी नर्सला हाक मारायची. ताप आला का म्हणून सारखा त्याच्या कपाळाला हात लावायची. मामा आत्याशी बसक्या आवाजात बोलायचा, माझ्याशी एक शब्द नाय. लाज वाटली असंल. मला काय कमी वाटत होती? पण मी पुन्हा घातलं असतं बोट.

शेवटी औषध पाजून एक्स-रे काढला. गळती नव्हती. मी तिथंच भिंतीला टेकून रडले.

घरी आल्यावर पातळ पदार्थांची परवानगी होतीच. मी नव्या तांदळाची पेज शिजवली, गाळली. मामानं पूर्वजांना दाखवली न् ताठ बसला. आमची ताटं वाढलेली, पण हात कोण लावंना. सगळ्यांचे डोळे त्याच्या गळ्यावर.

चमचाभर पेज त्यानं तोंडात घेतली. गिळली का नाय, कळंना. मग ठसका लागला. माझा हात आपसूक पुढं गेला.

मामानं माझं मनगट धरलं. ठसका थांबला तसा माझ्याकडं वळला आन मोठा आ केला.

"बघ गं वनिता," तो बोलला, "काय राहिलं का?"

मी वाकून बघितलं. तोंड रिकामं होतं.

"नाय, मामा," मी बोलले, आन माझं ताट पुढं ओढलं.