प्रशांत-पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

आमच्या शहरातल्या राइट टाउन भागात आमची गेम बनवणारी छोटी कंपनी आहे. नवी गेम आली की आम्ही ऑनलाइन लाइव्ह कार्यक्रमात तिची घोषणा करतो. मोठ्या कंपन्यांसारखंच — कार्यक्रमाला स्वतःचं नाव, लोगो, उलटी मोजणी, आधी किरकोळ बातम्या आणि सगळ्यात शेवटी हुकमी पत्ता. आमच्या कार्यक्रमाचं नाव ‘धुआँधार’ — इथल्या धबधब्यावरून. नाव मीच सुचवलेलं, सगळी मांडणीही माझी. फार मिरवायचे मी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेम आमच्याच ऑफिसातल्या प्रशांत भैयांनी बनवली होती. ती अर्धवट होती, म्हणून खेळतानाचा व्हिडिओ आधीच रेकॉर्ड करून त्यांनी खाली पट्टी लावली — ‘गेम अपूर्ण, दृश्यं आधी रेकॉर्ड केलेली.’ मला ती पट्टी डोळ्यांत खुपत होती. त्यांनी बजावलं, “राहू दे गं ती. लोकांना खोटं काहून दाखवायचं?”

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी मी ती माझ्या प्रतीतून काढली. वर निवेदकाच्या हातात कंट्रोलर दिला — तोच खेळतोय असं वाटावं म्हणून. त्याने पाणी प्यायला कंट्रोलर खाली ठेवला आणि पडद्यावरचा नायक आपला धावतच राहिला!

लोकांनी आम्हाला धुऊन काढलं. पण माझा गुन्हा हा नाही — हा नुसता आगाऊपणा. खरं सांगायला अजूनही जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी विचारलं, “पट्टी किसने हटाई?” माझ्या तोंडून निघालं, “फाइल ऐसी ही आई थी, सर.” त्यांनी भैयांना फोन लावला. भैया शांतपणे म्हणाले की पट्टी लावलेली मूळ फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे, येऊन दाखवतो. ते खमरियातल्या घरून स्कूटरवर निघाले.

मूळ फाइल तेवढी एकच होती. माझ्या हाताशी वीस मिनिटं होती — खरं बोलायला पुरेशी, नाही का? मी त्या फाइलवर माझी बिनपट्टीची फाइल चढवली. नाव तेच ठेवलं. चूक एकही झाली नाही.

भैया आले. घामाघूम. फाइल उघडली, शेवटपर्यंत पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मेघना, मी लावली होती ना गं? मला तर तसंच आठवून राहिलं… की नाही लावली?”

त्यांना माझा संशयही आला नव्हता. ते मलाच साक्षीला बोलावत होते! आणि मी? मी म्हटलं, “घाईत राहून गेली असेल, भैया.”

त्या महिन्यात त्यांची नोकरी गेली. आता महाराजपुरात मुलांना कॉम्प्युटर शिकवतात. भेटले की अजून म्हणतात, आपल्या विसरभोळेपणापायी तुम्हा सगळ्यांना त्रास झाला.

तेव्हापासून ऑफिसात नियम आहे — पट्टीशिवाय एकही व्हिडिओ दाखवायचा नाही. तिला सगळे हसून ‘प्रशांत-पट्टी’ म्हणतात. ज्याने विसरून सगळ्यांना धडा शिकवला, त्याच्या नावाने. दर कार्यक्रमाआधी कुणीतरी ओरडतं, “मेघना दीदी, प्रशांत-पट्टी लगाई क्या?”

मी म्हणते, “हाँ, लगा दी.”