झुलमीराची पाठ

मादुरेरा वस्तीत झुलमीराचा चेहरा ओळखत नाही असं घर नव्हतं. पण नाव विचारलं असतं तर निम्मी माणसं अडखळली असती. "ती गं, मालिकेतली, ट्रे घेऊन येणारी," एवढीच तिची ओळख. कॉफीच्या मळ्यांचा जुना काळ, मखमली पडदे, बॅरोनेस म्हणवणाऱ्या सरदारघराण्यातल्या बाया असं काही निघालं की काळ्यासावळ्या झुलमीराला बोलावणं ठरलेलं. कधी दाई, कधी स्वैपाकीण, कधी बाईसाहेबांचे केस विंचरणारी गुलाम पोर. पोरीची बाई झाली, बाईचे केस पिकले, पण जागा तीच. बाईसाहेब खुर्चीत आणि झुलमीरा खुर्चीमागं.

तिची आई, दोना आल्झिरा, म्हणजे आल्झिराबाई, जन्मभर लोकांची धुणी धुऊन कंबरेत वाकलेली. टीव्हीसमोर बसून ती न चुकता विचारायची, "अगं, ती माणसं तुला बसायला कधी देणार? पाय मोडून येत असतील की!"

झुलमीरा हसण्यावारी न्यायची. या खेपेला मात्र हसू फुटेना. नव्या मालिकेतली बॅरोनेस गुलामगिरीतून सुटलेल्या बाईची लेक होती, झुलमीरासारखीच काळी. नट्या निवडणाऱ्या दोना इव्होननं फोनवर सांगितलं होतं, "ये, बॅरोनेसचं वाचून बघ. नाही जमलं तर स्वैपाकीण आहेच तुझी." ते 'आहेच' झुलमीराच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतलं होतं. आईला तर ती सांगून बसली होती, "या वेळी बसलेली दिसेन मी."

निवडीच्या खोलीत उंच पाठीची एक खुर्ची मांडली होती. झुलमीराला परकर आणि शाल दिली, तीही घाईघाईनं. नोकराणीचे संवाद वाचायला बियांका नावाची कोवळी, गोरटेली नटी होती. खरं तर ती बॅरोनेसच्या सुनेच्या भूमिकेसाठी आलेली. झुलमीराला बघून म्हणाली, "मावशी, जरा पाणी देता का?"

झुलमीरानं दिलं. दिल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण तर बॅरोनेस व्हायला आलोय.

इव्होनबाई संवादांवर कुणाला निवडत नाही, हे सगळ्या स्टुडिओला ठाऊक होतं. मध्येच कुठंतरी ती सापळा लावायची. झुलमीरा खुर्चीत ताठ बसली. पहिली वाक्यं खणखणीत गेली. बियांकानं पंखा पुढं केला आणि तो तिच्या हातून सुटला.

पंखा जमिनीला टेकतो न टेकतो तोच झुलमीरा खाली वाकली होती. उचलला, परकरानं पुसला, मान खाली घालून दोन्ही हातांनी बियांकापुढं धरला.

कुणीतरी फिसकन हसलं. इव्होननं चष्मा काढला. "बस झालं, झुलमीरा. वाईट वाटून घेऊ नकोस. स्वैपाकीणही चांगलीच लिहिली आहे."

"परत एकदा घ्या, बाई."

"मी कुणाचंच परत घेत नाही. आणि आता तर तुला सगळं कळलंय."

"मघाशीही कळत होतं. डोक्याला कळत होतं, पाठीला नव्हतं." झुलमीरा जागची हलली नाही. "इतकी वर्षं न विचारता ट्रे हातात दिलात. एवढं एक तरी द्या."

इव्होननं चष्मा परत चढवला. मग म्हणाली, "कॉफी पिऊन येते. तोवर काय करायचं ते कर. पण पंखाच पडेल असं धरून बसू नकोस."

झुलमीरा तडक कपडेपटात गेली. तिथली इयोलांदा तिची जुनी मैत्रीण. "तो कंबर आवळायचा कॉर्सेट बाहेर काढ."

"तुला? अगं, नोकराणींना कुठं..."

"बडबडू नकोस. आवळ. वाकताच येऊ नये असं आवळ."

इयोलांदानं गुडघा तिच्या पाठीला लावला आणि दोऱ्या ओढल्या. "मरशील गं, सटवे!"

"अजून ओढ."

पुन्हा खुर्ची. श्वास गळ्याशीच अडकत होता. या वेळी बियांकाच्या हातात ट्रे होता. कप आपसूक निसटला की इशाऱ्यावरून, ते झुलमीराला आजवर कळलेलं नाही. फाडकन फुटला. कॉफी तिच्या बुटांपर्यंत वाहत आली.

तिची पाठ वाकायला निघालीच होती. कॉर्सेटच्या पट्ट्या बरगड्यांत घुसल्या आणि ती जागच्या जागी अडली. बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट आवळली गेली. ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. तुकड्यांकडं नाही, पोरीकडंही नाही.

बियांका उभीच. तिच्यासारख्या गोऱ्या नट्यांनी आजवर काही वेचलं असेल तर फक्त टाळ्या. अखेर ती गोरीमोरी होऊन पुटपुटली, "सॉरी, मावशी..."

झुलमीरानं मान हळूच वळवली. "कोण मावशी?"

आवाज चढला नव्हता. पण बियांका गुडघ्यांवर बसली आणि तुकडे वेचू लागली. सगळे वेचून होईपर्यंत झुलमीरा बसून राहिली. डोळ्यांत पाणी होतं. दोरीच्या काचानं की कशानं, कोण जाणे.

इव्होन उठली आणि दाराशी उभ्या इयोलांदाला म्हणाली, "हिची मापं घे. बॅरोनेसच्या सगळ्या पोशाखांची."

कपडेपटात आल्या आल्या इयोलांदानं तिला मिठी मारली. त्या गडबडीत मापांसाठी इयोलांदानं ओठांत धरलेली टाचणी खाली पडली. झुलमीराचा हात लगेच पुढं गेला.

"बसा, बॅरोनेसबाई!" इयोलांदा खिदळली.

"मेले, आधी दोरी सोड," झुलमीरा धापा टाकत म्हणाली, "आणि फोन दे इकडं. म्हातारी वाट बघत असेल."

पलीकडून दोना आल्झिरानं एकच विचारलं, "बसायला दिलं?"

"दिलं, आई."

"मग उठू नकोस इतक्यात."

आणि झुलमीरा, अर्ध्या सुटलेल्या दोऱ्यांनिशी, कपड्यांच्या गाठोड्यावर टेकली.