घरात बोललेलीच वाक्यं

आमच्या घरात भांडण झालं की पहिली खबर शेजाऱ्यांना नाही, शिरवण्यातल्या छपाईवाल्याला लागते. मराठी शिकवणारी आमची पुस्तकं त्याच्याकडेच छापतात. नव्या धड्याची पानं हातात पडली की तो आधी स्वतः वाचून घेतो आणि मग बाबांना फोन लावतो, "काय मास्तर, घरान परत वाजला काय?"

याला कारण बाबांचा नियम. बाबा पूर्वी न्हावा शेवा बंदरावर जहाजांच्या मालाचं काम बघणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात कारकून होते. तिथे देशभरातून माणसं आलेली, आणि मराठी म्हटलं की सगळ्यांची बोंब. त्यांच्यासाठी म्हणून बाबांनी दहा धडे लिहिले, ते हातोहात खपले, आणि आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये प्रकाशन सुरू झालं. नियम एकच, घरात खरोखर बोललेलं वाक्यच धड्यात जाईल. मनाने रचलेलं वाक्य म्हणजे शोकेसमधलं प्लॅस्टिकचं केळं, असं ते म्हणतात. फ्रिजच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगलेली असते. कुणी काही बोललं की बाबा ताटावरून उठून, डाव्या हाताने का होईना, लिहून घेणार.

आता आमच्या घरात बोललं काय जातं? धडा सातवा: "भाजीत मीठ घातलंयस की विसरलीस?" "उद्यापासून तुम्हीच करा." धडा अकरावा: "गणितात नापास झालीस ते झालीस, वर दात काढतेस?" ही नापास झालेली मी. माझं ते गणित चार आवृत्त्या गाजलं. मावशीने एका धड्यात स्वतःचं "अय्या, परत उपमाच?" ओळखलं आणि वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही.

रेकॉर्डिंगही घरचंच. साड्यांचं कपाट उघडायचं, म्हणजे आवाज घुमत नाही, आणि आई-बाबांनी त्यात डोकी घालून भांडायचं. आधी कॅसेटवर, मग सीडीवर. आईला याचा केवढा अभिमान! बाजारात एखादा परप्रांतीय दुकानदार तिचा आवाज ऐकून "धडा सात?" असं विचारायचा, तेव्हा ती घरी येऊन तीन दिवस तेच सांगायची.

आणि मग गेल्या वर्षी मोबाइलवरची आवृत्ती करायचं ठरलं. सगळं पुन्हा रेकॉर्ड करायचं. जेवताना बाबा सहज म्हणाले, "बाईच्या आवाजाला एखादी मुलगी बघायला हवी. पाठातली बाई पस्तिशीची आहे, तुझा आवाज आता म्हातारा वाटतो."

आईचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, "आणा. पस्तिशीचीच आणा."

एवढ्यावर थांबावं की नाही माणसाने? पण नाही. बाबा उठले आणि ते वाक्य वहीत लिहून आले! वर म्हणतात, "झकास आहे हे."

त्या दिवसापासून आईने अबोला धरला. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, तोंडातून शब्द नाही. वही कोरी. बाबा वहीकडे बघून म्हणायचे, काम अडलंय. मला इतका संताप यायचा! अहो, बायको अडलीय तुमची, काम काय घेऊन बसलात?

पंधरा दिवस असे गेले आणि एका दुपारी फोन आला. न्हावा शेवाला काम करणारा, तमिळनाडूतल्या तूतुकुडीचा माणूस. आमचे साठच्या साठ धडे पुरे केलेला, बायको साताऱ्याची. फोन मी स्पीकरवर ठेवला.

"अहो मॅडम, जरा ऐकून घ्याल का?" हुबेहूब बाबांचा वैताग. "बायको रुसली आहे. 'सॉरी' म्हणून झालं. ती म्हणते, सॉरी तर लिफ्टमध्ये धक्का लागला तरी म्हणतात. मराठीत नीट म्हणा. मी साठ धडे शोधले. ते वाक्य कुठे आहे?"

मी सगळी पुस्तकं काढून बसले. तक्रारी होत्या, टोमणे होते, लोणचं मागायच्या चार तऱ्हा होत्या. "माझं चुकलं" कुठेच नव्हतं. इतकी वर्षं आमच्या घरात ते कुणी म्हटलंच नव्हतं, मग छापणार कुठून! मी फोनवर त्याला ते वाक्य सांगून टाकलं, पण त्या पुस्तकांकडे बघताना मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

"घाला की एक धडा," मी बाबांना म्हटलं.

"घरात कुणी म्हटलंय का?"

"मी म्हणते आत्ता. माझं चुकलं. लिहा."

"तुझं काय चुकलंय? खोटं वाक्य मी घेत नाही."

आणि त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. हे वाक्य घरात कुणी म्हणायचं राहिलंय, ते त्यांनाही कळलं, मलाही.

दोन दिवस बाबा स्वयंपाकघराच्या फेऱ्या मारत होते. दारात जायचे, घसा साफ करायचे आणि पाणी मागायचे. आई मुकाट्याने पेला पुढे करायची. एवढं पाणी त्या माणसाने जन्मात प्यायलं नसेल. तिसऱ्या दिवशी आई मेथी निवडत बसली होती. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते खाली कधीच बसत नाहीत.

"अगं, माझं चुकलं," बाबा म्हणाले. "तुझ्या आवाजाचं बोललो ते. आणि लिहून घेतलं ते तर फारच. चुकलं माझं."

सवयीने मी खिळ्यावरची वही काढली. बाबांनी हात वर केला. "हे नको लिहूस. हे हिला म्हटलंय."

आई मेथीवरून नजर न काढता मला म्हणाली, "लिही. त्या साताऱ्याच्या मुलीसारखं आणखी किती जणींना ताटकळत ठेवायचं? आणि यांना सांग, यावर माझं उत्तर काय ते मी माइकसमोरच देणार."

झालं! मधल्या काळात आवाजासाठी एक मुलगी ठरवून ठेवली होती, तिला बाबांनी त्याच दिवशी नको म्हणून कळवलं. रविवारी कपाट उघडलं. दोघांनी डोकी आत घातली. बाबांनी वाक्य म्हटलं. आई काही बोलेना. मी खुणा करतेय, बाबांना घाम फुटलाय, मशीन चालूच. मग आईचा आवाज आला, जरा कापरा, चांगलाच म्हातारा:

"चहा टाकू का?"

मोबाइलमध्ये भरताना मधला तो रिकामा वेळ कापावा म्हणून मी बसले, आणि नाही कापला. आता शिकणारी माणसं तक्रार करतात, एकसष्टाव्या धड्यात आवाज मध्येच बंद पडतो. मी त्यांना कळवते, बंद पडत नाही, थांबा थोडं, बाई उत्तर देतात.