आबांच्या बागेतलं वाफेचं इंजिन

खोट्या इंजिनांचा मला राग आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको. बागेत रुळ असतात, लाल-हिरवं इंजिन असतं, त्याला ऐटबाज धुराडं असतं आणि त्या धुराड्यातून काहीच निघत नाही. खाली बॅटरी, वर भोंगा, आणि भोंग्यातून रेकॉर्ड केलेली शिट्टी. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हणतात, इथे ताकसुद्धा नसतं.

माझे वडील भुसावळच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनांवर कामाला होते. आम्ही मूळचे बोदवडचे. ते घरी आले की त्यांच्या शर्टाला तेल, कोळसा आणि गरम पाण्याचा एक मिश्र वास यायचा. आज ते नाहीत. मी पुण्यात शाळेत शिकवते आणि सुट्टीत बागांमधल्या छोट्या आगगाड्या बघत फिरते, त्यांच्यावर लेख लिहिते. घरचे हसतात. हसू देत.

डिसेंबरच्या सुट्टीत एका वाचकाचा निरोप आला. दोंडाईचाजवळ एका शेतकऱ्याच्या बागेत खरंखुरं वाफेचं इंजिन अजून चालतं, म्हणे. मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

पुण्याहून जळगावला बऱ्याच गाड्या आहेत. थंडीत जात असाल तर जळगावला एक जेवण नक्की करा. वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात जाऊ नका, भरीत सेंटर लिहिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जा. दीडशे रुपयांत पोट भरतं आणि ठेचा मागितला तितका मिळतो. जेवून मी तिथल्या एका बागेत चक्कर मारली. तिथेही छोटी गाडी होती. बॅटरीचीच. मी बसले नाही.

सकाळी सुरतकडे जाणारी पॅसेंजर धरली. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, मग दोंडाईचा. गाडी निवांत जाते, खिडकीतून कापसाची शेतं आणि हरभरा दिसत राहतो. समोर एक बाई मिरचीचं रिकामं पोतं घडी करून मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"कोठे जाई राहिनी बहीन?"

"दोंडाईचाला. तिथे एक छोटी आगगाडी आहे, ती बघायला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गाडीमा बठीसन गाडी देखाले?"

डब्यातले सगळे हसले. मीही हसले. आमची बोदवडकडची बोली वेगळी, पण अहिराणी समजते. थट्टा तर नक्कीच समजते.

दोंडाईचाला उतरलं की पहिल्यांदा ठसका लागतो. मिरचीचा हंगाम असतो. रुमाल जवळ ठेवा. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "आबांची गाडी" एवढंच सांगितलं, त्याने पत्ता विचारलाच नाही. दीडशे रुपये जाऊन-येऊन, तिथे थांबण्यासह. शिंदखेड्याच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की उजवीकडे कच्चा रस्ता लागतो, आणि लिंबाची बाग सुरू होते.

त्या बागेला वेढा घालून रुळ टाकलेले. एक फलाट, वर पत्रा, आणि पाटीवर फक्त "स्टेशन" असं लिहिलेलं. गावाचं नाव नाही, कुणाची आठवण नाही. फलाटावरच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बाजूला रुळाचा एक तुकडा टांगलेला, ती घंटा.

हेच आबा. वय ऐंशीच्या पुढे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. मी नाव सांगितलं, वडिलांचं काम सांगितलं. भुसावळ शेड म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात बराच वेळ सोडलाच नाही.

"बठ बेटा. आते यी राहिनी गाडी."

गाडी यायच्या आधी त्यांनी मला तिची कहाणी सांगितली. तरुणपणी ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये होते, तिथली यंत्रं वाफेवर चालत. पुढे ती बंद झाली. आबा शेतीला लागले, पण वाफ डोक्यातून गेली नाही. मग एका साखर कारखान्याच्या भंगारात त्यांना हे छोटं इंजिन दिसलं, उसाच्या गाड्या ओढणारं. ट्रकवर घालून आणलं आणि दोन वर्षं खपून चालू केलं. कोळसा परवडेना म्हणून बाभळीची लाकडं आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं, भट्टीत घालायचे. पऱ्हाटीच्या ठिणग्या उडायच्या, म्हणून मागच्या डब्यात बसणाऱ्यांना डोक्यावर पदर नाहीतर टोपी सक्तीची होती.

मला हे ऐकताना फार बरं वाटत होतं. कारण जगात सगळीकडे हे असंच झालंय. मोठ्या रेल्वेने वाफ सोडली आणि बागांनी ती उचलली. अमेरिकेतल्या एका प्रचंड बागेतली इंजिनं मेक्सिकोतल्या घायपाताच्या मळ्यांतून आणलेली आहेत. मळ्यात राबलेली, गंजलेली, रंग देऊन पुन्हा उभी केलेली. तिथे गाडी बागेभोवती फिरते, म्हणजे थकलेल्या माणसाला बसल्या जागी सगळी बाग दिसते. पुढे कोळसा गेला, तेल आलं. आता कुठे तर तळणीचं उरलेलं तेल साफ करून त्यावर भट्टी पेटवतात. आणि जिथे तेही जमलं नाही, तिथे वरून वाफेचं इंजिन आणि आतून डिझेल. जवळपास सगळीकडे शेवटी सोंगच उरतं. म्हणून मी इतक्या लांब आले होते.

शिट्टी झाली. लिंबांच्या आडून धूर दिसला. मग ते काळं, बुटकं इंजिन मागे तीन डबे घेऊन आलं आणि फलाटाला लागलं. फस्स करून आवाज आला आणि उबदार, ओलसर वाफ आमच्या तोंडावर आली. आबांचे डोळे मिटलेलेच होते, तरी त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहिता येणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, एवढं सांगते.

इंजिनावर एक बाई होत्या. आबांच्या सूनबाई. सगळे त्यांना अक्का म्हणतात, आबा मात्र सुमन. आबांचा मुलगा सुरतेला कामाला असतो, बाग अक्काच बघतात. मी कौतुकाने इंजिनावर चढायला गेले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं आणि पाणी प्यायला म्हणून शेडमागे नेलं.

"ताई, तुमले कळीच जाई, म्हनीसन आधीच सांगस. आबासले काई सांगू नका."

मग त्या माझ्याशी शुद्ध मराठीत, अगदी हळू बोलल्या. बॉयलर गेल्या वर्षीच गेला होता. बोअरचं पाणी जड, आतून क्षारांचा थर चढत गेला, पत्रा पातळ झाला. तपासणीला आलेल्या साहेबांनी पेटवायला मनाई केली, आणि ते बरोबरच होतं. त्याच आठवड्यात आबांना छातीत दुखून धुळ्याला दवाखान्यात ठेवलेलं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसू देऊ नका. घरच्यांनी ठरवलं, थोडं बरं वाटलं की सांगू. तोवर खाली मोटर आणि बॅटरी बसवली.

"आणि वाफ?" मी विचारलं.

त्यांनी मला पलीकडच्या बाजूने इंजिनावर नेलं आणि भट्टीचं दार उघडून दाखवलं. आत एका घमेल्यात पऱ्हाटी धुमसत होती, धुरासाठी. निखाऱ्यांवर पाण्याचं पातेलं होतं, झाकण लावलेलं. फलाटावर आलं की अक्का त्या झाकणाची दोरी ओढायच्या, आणि वाफ आबांच्या तोंडावर जायची. आवाज भोंग्यातून यायचा, पण तो याच इंजिनाचा होता. शेवटच्या दिवशी अक्कांनी मोबाइलवर भरून ठेवलेला.

मला राग यायला हवा होता. खोट्या इंजिनांचा राग असलेली बाई मी. पण रोज एका माणसासाठी पातेल्यात पाणी उकळणाऱ्या बाईवर रागवायचं कसं?

फलाटावर परत आल्यावर आबांनी विचारलं, "इतल्या बागा फिरनी तू. वाफवर चालस अशी गाडी आते कोठे राहिनी?"

"आबा, अशी गाडी मी कुठेच पाहिली नाही."

खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरंही नव्हतं.

ते खूश झाले. म्हणाले, "मंग लिख बेटा. बठ्ठं लिख. लोकेसले कळू दे, आपला खान्देशमा आजून वाफ शे. सुमन माले वाची दखाडी."

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हटलं. मग वीस रुपयांचं तिकीट काढून पहिल्या डब्यात बसले. आबांनी रुळाच्या तुकड्यावर ठोका दिला आणि गाडी सुटली. लिंबाच्या बहराचा वास होता. सुंदर फेरी होती ती, आणि मला एक क्षणही बसवत नव्हतं.

दोंडाईचाहून धुळ्याला एसटी मिळते, रस्ता ठीक आहे. धुळ्यात शेवभाजी खाल्ली, तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागा. तिथून पुण्याच्या बसमध्ये बसले आणि वाटभर एकच विचार. आबांना जे हवंय ते लिहावं, तर मी तुम्हाला फसवते. खरं लिहावं, तर अक्का ते वाचून दाखवणार नाहीत, पण गावातलं दुसरं कुणीतरी नक्की दाखवेल. चांगली बातमी पोचायला वेळ लागतो, वाईट बातमी वाऱ्यावर जाते.

घरी येऊन मी लिहायला बसले आणि उठले, असं किती वेळा झालं. शेवटी अक्कांना फोन केला. म्हटलं, "अक्का, मला खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहिणार नाही. मी काहीच लिहीत नाही. आबांनी विचारलं तर सांगा, बाई विसरली."

मग त्या म्हणाल्या, "ते रोज इचारतस ताई. लिखं का बाईनी, म्हनीसन." आणि थोड्या वेळाने, "मीच सांगस आते."

पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. त्यांनी सांगितलं होतं.

सकाळी, गाडी बंद असताना, त्या आबांना हात धरून इंजिनाजवळ घेऊन गेल्या. काही बोलल्या नाहीत, त्यांचा हात बॉयलरवर ठेवला. मग सगळं सांगितलं. मोटर, पातेलं, मोबाइल, सगळं. अक्कांना वाटलं होतं, आबा चिडतील किंवा छातीला हात लावून खाली बसतील. तसं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, शेवटचं कधी पेटवलं होतं. तेव्हा आपण कुठे होतो, तेही विचारलं. दवाखान्यात, असं अक्का म्हणाल्या. आबा गार पत्र्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले,

"माणूस मरस तं मातीले बलावतस. माले कसाले नही बलावं?"

फोनवर हे सांगताना अक्का रडत होत्या. मीही. आम्ही दोघींनी आबांच्या दुखण्याचा विचार केला, लेखाचा केला, खऱ्या-खोट्याचा केला. ज्याचं माणूस गेलंय त्याला अंत्ययात्रेला येऊ द्यायचं असतं, ही खेड्यातल्या कुणालाही कळणारी साधी गोष्ट आमच्या लक्षातच आली नाही.

त्या दिवशी आबा स्टेशनवर गेले नाहीत. घराच्या ओट्यावर बसले. दुपारी शेजारचे एक म्हातारे गृहस्थ आले, न बोलता शेजारी बसले, थोड्या वेळाने उठून गेले. मग दुसरे आले. संध्याकाळपर्यंत गाव येऊन गेलं. कुणाच्या घरी कुणी वारलं की खान्देशात दारावर जातात. जायचं, बसायचं, चहा दिला तर घ्यायचा, आणि उठताना "येस", म्हणजे येतो, एवढं म्हणून निघायचं. एका इंजिनासाठी ते दारावर आले होते. हसलं कुणीच नाही, असं अक्का म्हणाल्या. भट्टीत जुनी राख थोडी उरलेली होती. ती आबांनी फडक्यात बांधून मुडावदला, तापी-पांझरेच्या संगमावर, सोडायला लावली.

माझ्यासाठीही निरोप होता. "बाईले म्हना, लिख. पन गाडी मरी गयी, ते बी लिख."

म्हणून हे लिहिलंय. बाग चालू आहे. गाडी बॅटरीवर चालते, तिकीट वीस रुपये, अक्काच चालवतात. पातेलं आता नसतं, धूरही नसतो. मुलांना घेऊन जरूर जा, सोमवारी बंद असते. पण गेलात तर तडक रुळांकडे जाऊ नका. ज्याला उशिरा कळतं तो दारावर उशिरा जातो, आबांना त्याचं वाईट वाटत नाही. आधी ओट्यावर त्यांच्याजवळ जा. थोडा वेळ बसा. काही बोलायचं नसतं.