कानबाईचा रोट आणि माझी दाढ

माझी दाढ कधी दुखायची हे सांगितलं तर लोकांना थट्टा वाटायची. घास चावताना काही नाही, चावून दाढ सोडली की कळ थेट कानात. मी जळगावला एका सरकारी कचेरीत आहे आणि आमच्या कचेरीत कामाचं सोडून बाकी सगळ्याचं औषध मिळतं. कुणी लवंग सांगितली, कुणी मिठाच्या गुळण्या. सगळं करून झाल्यावर मी मुकाट्याने दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे काढला. त्यात काहीच नव्हतं. मग दाढेच्या एकेका टोकावर प्लॅस्टिकची छोटी काडी ठेवून त्या म्हणत गेल्या, "चावा. आता सोडा." मागच्या टोकाला मी खुर्चीतून उठलोच.

"चीर असावी," त्या म्हणाल्या.

"असावी म्हणजे?" मी जरा चिडूनच विचारलं.

"बारीक चीर एक्स-रेत दिसत नाही बरेचदा. झोपेत दात खाता का?"

मी नाही म्हणालो. त्याच क्षणी शेजारी बसलेली माझी बायको हो म्हणाली. वर, जात्यात खडा सापडावा तसा आवाज येतो, हेही तिने सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी मला आरशात माझेच दात दाखवले. घासून सपाट झाले होते. रात्री घालायची पट्टी बनवायला त्यांनी माप घेतलं, त्या बाजूने काहीही कडक चावायचं नाही म्हणून बजावलं. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढावी लागेल, असंही म्हणाल्या. "काही टेन्शन?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. या वेळी बायको गप्प बसली.

टेन्शन होतं. उन्हाळ्यात आम्ही जळगावात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आलेला एक पाहुणा जेवता जेवता म्हणाला, "आता कानबाई पण इथंच मांडा की!" मी हसलो. नुसता हसलो, नाही म्हणालो नाही. माझा मोठा भाऊ समोरच्याच पंगतीत बसला होता.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, सगळा एकत्र जाडसर दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आणि जो भाऊ आपली कानबाई वेगळी मांडतो तो वेगळा झाला, असं सगळी भावकी समजते. आमची कानबाई पारोळ्याजवळच्या गावी, भाऊच्या घरी. आईवडील गेल्यावर तेवढीच एक गोष्ट आम्हा दोघांची एकत्र राहिली होती. वास्तुशांतीनंतर भाऊचे फोन कमी झाले. मीही केले नाहीत. ताठा, दुसरं काय!

पट्टी तयार व्हायच्या आधीच कानबाई आली. रविवारी गावी मी गर्दीचा आधार घेऊन निभावलं. मऊ पुरण आणि खीर खाल्ली, रोटाचा कोपरा तेवढा कुरतडला. सोमवारी विसर्जन करून आलो आणि दुपारी पंगत बसली. आदल्या दिवशीचा रोट आता चांगलाच वातड झाला होता. मी तो ताटाच्या कडेला सारून ठेवला, भाजी खात राहिलो आणि भाऊ बघतोय हे मला कळत होतं.

"तुले येगळी कानबाई मांडनी व्हई तर तसं सांग," भाऊ सगळ्यांदेखत अहिराणीत म्हणाला. "पन ताटमा रोट तसाच ठेऊ नको."

वहिनींच्या हातातला वाढायचा चमचा तसाच राहिला.

"भाऊ, दाढ दुखस मन्ही. चीर पडेल शे."

"एक्स-रेना फोटोमा दिखनी का?"

"नही."

इतकं खरं बोलून इतका खोटा मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो. भाऊने हात धुतले, खिशातून मोबाइल काढला, त्याचा टॉर्च लावला आणि म्हणाला, "तोंड उघाड." पन्नाशीला आलेल्या मी भर पंगतीत आ केला. त्याने वाकून, चष्मा वर-खाली करून सगळं पाहिलं.

"काहीज दिखत नही," तो म्हणाला आणि आपल्या पाटावर जाऊन बसला.

रोट ताटात राहिला तो राहिलाच. जेवण झाल्यावर लगेच निघायचं ठरवून मी ओसरीवर पिशवी भरायला बसलो, पण आदल्या रात्रीच्या जागरणाने तिथंच डोळा लागला.

जाग आली तेव्हा माझ्या गालावर कुणाचा तरी हात होता. भाऊ शेजारी बसून माझा जबडा धरून होता, दावं तोडू पाहणाऱ्या वासराला धरावं तसा.

"केवढा दात खास रे तू," तो म्हणाला. "बठ्ठा घरले ऐकू ऊ राहिंतं." सगळ्या घराला ऐकू जात होतं म्हणे.

हात काही त्याने काढला नाही. म्हणून असेल, पण वास्तुशांतीपासून जे बोलायचं राहिलं होतं ते मी पडल्या पडल्याच बोललो. "भाऊ, माले येगळी कानबाई नही मांडनी. तो पाव्हना बोलना, मी नुसता हासनू."

भाऊ उठून आत गेला. मला वाटलं, झालं, याला पटलं नाही. थोड्या वेळाने तो वाडगा घेऊन आला. माझाच रोट त्याने हाताने चुरून दुधात भिजवला होता, वर गूळ घातला होता.

"खाय. तुन्हा वाटाना रोट दुसरा कोनी खावाऊ नही."

मी चांगल्या बाजूने हळूहळू खाल्ला. वाडगा रिकामा होईपर्यंत तो समोरून हलला नाही. मग रिकामा वाडगा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि वहिनींना पुढच्या वर्षीच्या दळणाचं सांगितलं, "पुढला साले यान्हा गहू बारीक दयजो."

"एकलाना कसा बारीक दयू?" वहिनी आतून म्हणाल्या. "पीठ तं बठ्ठास्नं एकज ऱ्हास."

"मंग बठ्ठास्नं बारीक दय," भाऊ म्हणाला.