केरूचं जावळ

केडगावला आमच्या घरामागे चार खोल्यांची ओळ होती. भाडेकरू ठरवायचं काम सासऱ्यांचं आणि त्यांच्याशी भांडायचं काम माझं. बहात्तरच्या दसऱ्याच्या सुमारास तिसऱ्या खोलीत पुंजाराम आणि मनकर्णा राहायला आले. पाथर्डीकडचे. तिकडे विहिरींनी तळ दाखवला होता, म्हणून पुंजाराम नगरच्या बाजारात हमालीला लागला होता. सामान म्हणजे दोन बोचकी, एक पत्र्याची पेटी, पाटा-वरवंटा आणि एक सूप. बरोबर साडेचार वर्षांची एक मुलगी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली.

"नाव काय गं तुझं, छकुले?" मी विचारलं.

"केरू. मी पोरगा हाय," ती छकुली म्हणाली.

मला हसू आवरेना. पोरगं रागावलं, मनकर्णाच्या लुगड्यामागे दडलं आणि तिचा पदर ओढत म्हणालं, "वहिनी, चल ना घरात."

तोंडवळा हुबेहूब तिचा, आणि म्हणतोय वहिनी! पण पहिल्याच दिवशी काय विचारायचं, म्हणून मी जीभ आवरली. ते मला क्वचितच जमतं.

नव्या घरात दूध उतू जावं म्हणून मी वाटीभर दूध नेऊन दिलं. त्या वर्षी वाटीभर दूध ही काही चेष्टा नव्हती. मनकर्णाने ते नव्या चुलीवर ठेवलं, चमचाभर उतू जाऊ दिलं आणि बाकीचं केरूला पाजलं. मग भिंतीत उंचावर एक खिळा ठोकून तिने ते सूप टांगलं. त्यानंतर चार दिवसांनी बाई माझ्याच दारात उभी, धान्य पाखडायला सूप मागायला!

"घरात सूप टांगलंय ते काय शोभेला?" मी म्हटलं.

"ते केरूचं हाय," ती म्हणाली. मग उंबऱ्यावर बसून तिने सगळं सांगितलं.

केरूच्या आधी तिची दोन मुलं गेली होती. एक सव्वा महिन्याचं, एक दात येताना. केरू झाला तेव्हा सासूने पाचवीच्या दिवशी त्याला त्या सुपात घातलं आणि दाराबाहेर केरावर नेऊन ठेवलं. शेजारची साळूबाई ठरल्याप्रमाणे तिथून चालली होती. तिने विचारलं, "हे कुणाचं?" सासू म्हणाली, "कुणाचंच न्हाई. केर हाय." साळूबाईने पायलीभर बाजरी मोल म्हणून दिली आणि पोर उचललं. बाळं नेणाऱ्या सटवाईला फसवायचं ते असं. तेव्हापासून पोर साळूबाईचं, मनकर्णा नुसती सांभाळणारी. पोराने आई म्हणायचं ते साळूबाईला, जन्म दिला तिला वहिनी. पाच वर्षं पुरी झाली की साळूबाईने त्याला त्याच सुपात घालून परत द्यायचं. तोवर केसांना कात्री लावायची नाही.

"येत्या अखितीला पाच भरत्यात," मनकर्णा म्हणाली. "जावळ निघंल. मग मला आई म्हनंल."

हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला, की मला तिचा राग आला. "अगं, सटवाई काय पत्ता विचारत केडगावला येणार आहे? आजपासून म्हणू दे की आई!"

तिने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "नका बोलू, केशरबाई. दोन गेली माझी."

नळावरच्या बायका तिला सावत्र म्हणायला लागल्या तेव्हा मी त्यांची चांगली हजेरी घेतली. मनकर्णाचं मात्र सगळं लक्ष अक्षय्य तृतीयेकडे. साळूबाईसाठी नवं लुगडं आणून पेटीत ठेवलं होतं, केरूसाठी टोपी शिवली होती. रोज सकाळी ती दारात बसून त्याचे केस विंचरायची आणि तो किंचाळायचा.

साळूबाई विधवा, मूलबाळ नाही. गावाकडेच राहिली होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. कामावर मजुरांना सुकडी मिळायची, ती गोड भुकटी. गावचा भीमा अधूनमधून बाजाराला यायचा, तेव्हा त्याच्याकडे फडक्यात बांधलेल्या सुकडीची एक गाठोडी असायची. ती गाठ लांबून दिसली तरी केरू ओरडत सुटायचा, "आईनं धाडलं! आईनं धाडलं!"

"माझ्या हातची भाकर खातो अन् गुन तिचे गातो," मनकर्णा एकदा फणकारली. मग आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांगू? गाव सुटलं तवा समदी रडत हुती. मला बरं वाटलं. म्हनलं, लांब गेलं की इसरंल तिला."

आमच्या दोघींत एक भिंत, तीही कच्च्या विटांची. एका दुपारी तिची शाळा मला ऐकू आली.

"ही काय?"

"चूल."

"ह्यो काय?"

"पाटा."

"अन् मी कोन?"

"वहिनी."

"आता वहिनीच. पर अखितीनंतर?"

"आई. मग मला दोन आया?"

"न्हाई रे सोन्या. येकच."

"मग माझी आई कुठं जाईल?"

त्यावर चुलीतली लाकडं मागेपुढे केल्याचा आवाज आला.

चैत्रात भीमा आला तो आत न येता उंबऱ्यापाशीच बसला. पाण्याचा तांब्याही त्याने तसाच ठेवला. "साळू गेली," तो म्हणाला. "खडी फोडता फोडता उन्हात बसली, ती उठलीच न्हाई. अंगात हुतंच काय? पोटाला खायाची न्हाई, जमंल तेवढं बांधून ठिवायची. परवा दहावा हाय." त्याने गाठोडी काढून खाली ठेवली. "ही उशाशी हुती."

मनकर्णा त्या गाठीकडे बघत राहिली. "म्हंजी ती... आपली वाटनीच धाडत हुती?"

"मग दुसरं काय हुतं तिच्याकडं?"

मनकर्णाने कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्याने रडली. दोन मुलं गेल्याचं सांगताना तिचे डोळे कोरडे होते, ते मला आठवलं. केरू तिच्याकडे बघून रडायला लागला. त्याला काय समजलं होतं कोण जाणे.

संध्याकाळी पुंजारामचा आवाज भिंतीतून आला. माणूस वाईट नव्हता. "लई वाईट झालं. पर आता पोर आपलंच की. अखितीला मामाला बोलवू, जावळ काढू."

"परत कुनी दिलंय? तिनं सुपात कुठं घातलं?"

"मेलेली बाई कशी घालंल?"

"तेच म्हनते मी," मनकर्णा म्हणाली.

दहाव्या दिवशी सकाळी, पुंजाराम कामावर गेल्यावर, अंगणात न्हावी येऊन बसला. मला वाटलं, जावळच काढतेय, आणि बरं वाटलं. तेवढ्यात तिचे शब्द कानावर पडले. "समदं डोकं कर. ह्याची आई गेली."

न्हाव्याचा हात थांबला. आई गेली की लेक केस उतरवतो, हे काय त्याला सांगायला हवं होतं? आणि बोलणारी आई तर समोर कुंकू लावून उभी. मी, जी आयुष्यभर सटवाईला हसत आले, मीच घाबरले. धावत जाऊन तिचा दंड धरला. "मनकर्णे, वेड लागलं का? तू जिवंत असताना त्याचं डोकं? असं अभद्र ओढवून घेतेस?"

"मी वहिनी हाय, केशरबाई," ती म्हणाली. आवाज शांत होता. "त्याची आई त्याच्या पायी उपाशी मेली. तिच्या नावानं केस उतरवायला येक लेक असू नये? मला जे व्हायचं ते हू दे."

तिने घरात जाऊन खिळ्यावरचं सूप काढून आणलं. वेणी स्वतः सोडली. केस ओले केले आणि केरूला पुढ्यात घेऊन सूप खाली धरलं. पाच वर्षांचं तेल-पाणी झेललेले ते केस झुपक्याझुपक्याने सुपात पडत राहिले. केरू ना रडला ना हलला. शेवटी नुसता डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "वहिनी, ऊन लागतं."

तिने पदर ओढून त्याच्या डोक्यावर घातला.

ते नवं लुगडं पुढच्या पितृपंधरवड्यात तिने साळूबाईच्या नावाने एका विधवा बाईला दिलं. सुपाचं काय केलं ते मी विचारलं नाही. केरूने पुढे तिला वहिनीच म्हटलं आणि तिनेही पुन्हा कधी त्याची शाळा घेतली नाही. तिला काही झालं नाही. खूप वर्षं जगली, सुना-नातवंडं बघितली, आणि शेवटी साध्या तापाने गेली. दहाव्याला मी गेले होते. केरूचे केस तेव्हा पांढरे व्हायला लागले होते. नव्या न्हाव्याने वस्तरा पाजळता पाजळता सहज विचारलं, "कोण गेलं, काका?"

"आई," केरू म्हणाला.

हा एक शब्द ऐकायला ती जन्मभर थांबली होती. तो ऐकायला मी होते, ती नव्हती.